आपांच्या हातची बोरं

आपा माणसाकडं बघायच्या त्या आधी डोक्याकडं, मग सावकाश खाली पायांपर्यंत आणि मग परत वर तोंडाकडं. तोंड सगळ्यात शेवटी. आमच्या मोहल्ल्यात त्यांची ही नजर सगळ्यांना ठाऊक होती आणि सगळे तिला वचकून असत. गल्लीच्या कोपऱ्यावर आपा दिसल्या की गप्पा मारत उभ्या असलेल्या बायका पटकन ओट्यावर बसून घ्यायच्या. बसलेल्या माणसाचं माप घेता येत नाही, असा त्यांचा समज होता. त्याला कारण होतं. आपा सकाळी आम्हा पोरींना कुराण वाचायला शिकवायच्या, आणि मोहल्ल्यात कुणी बाई वारली की तिला शेवटची आंघोळ घालून कफन चढवायच्या. ह्या आंघोळीला आमच्यात गुसल म्हणतात. बाईला गुसल बाईनंच द्यायचं, शक्यतो घरच्या बाईनं द्यायचं, असा रिवाज आहे. पण घरच्या बायका रडत असतात आणि मनातून भ्यालेल्या असतात. मग आपांना बोलावणं जायचं.

एकदा मी धीर करून विचारलंच, "आपा, तुम्ही लोकांचं माप घेता का हो?"

"मग काय करू?" आपा म्हणाल्या. "ऐन टायमाला कापड कमी पडलं तर दुकान उघडं ऱ्हातंय का?"

त्यानंतर कितीतरी दिवस मी त्यांच्यासमोर जरा वाकून चालत होते.

आमच्या बीडच्या मोहल्ल्यात घराघरांत दखनी बोलतात. आपा मात्र तलवाड्याच्या, आणि त्यांच्या माहेरी चुलीपाशीसुद्धा मराठीच. लग्न होऊन बीडला आल्या, नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही, केस पिकले, पण जीभ काही तलवाड्यातून हलली नाही. त्या अरबी शिकवायच्या तीही मराठीतून. 'ऐन' हे अक्षर गळ्याच्या तळातून काढावं लागतं. आमच्यातल्या कुणाला ते जमलं नाही की आपा कपाळाला हात लावायच्या. "अगं, वरवर काय म्हनतीस? हिरीतनं बादली वढतीस तसं खालून वढ की!" शुद्ध उर्दूची मिजास असलेल्या बायका नाक मुरडायच्या, पण पोरी आपांकडंच पाठवायच्या, कारण आपांकडून शिकलेली पोर वाचताना अडखळत नसे.

शुक्रवारी वाचनाआधी नखं बघायचा कार्यक्रम असे. आम्ही ओळीनं हात पुढं करायचो आणि आपा नेलकटर घेऊन फिरायच्या. "मेल्यावर नखं कापीत न्हाईत, पोरींनो. आसतील तशी घिऊन जावं लागतंय. म्हून आत्ताच कापा." आता मला सांगा, ही काय सकाळी सकाळी शाळकरी पोरींना ऐकवायची गोष्ट आहे? लहान पोरी मुसमुसायला लागायच्या. मी आणि रुबी एकमेकींचा हात घट्ट धरून बसायचो. समरीन तेवढी फिदीफिदी हसायची.

समरीन, रुबी आणि मी. एकाच गल्लीत घरं, एकाच शाळेच्या एकाच बाकावर तिघी, आणि सकाळी आपांच्या अंगणातल्या एकाच चटईवर. समरीन आमच्यातली धीट. पोरींनाही "बे" म्हणायची. शाळेला सुट्टी लागली रे लागली की नखं रंगवायची. नमाजीआधी हात-तोंड धुवायची, म्हणजे वुजूची वेळ झाली की आपा ओरडायच्या, "रंगाखाली पानी जात न्हाई, वुजू व्हत न्हाई तुजी!" त्यावर ही म्हणायची, "आपा, सुट्टीपुरतंच आहे हो. शाळा सुरू झाली की काढते." मग आपा तिच्याकडं डोक्यापासून पायापर्यंत बघायच्या आणि समरीन सरळ उभी राहून बघू द्यायची. वर टाचा उंच करून म्हणायची, "वाढले का थोडी?"

आम्ही आपांना कंजूष म्हणायचो. दुसऱ्या गल्लीत शिकवणाऱ्या उस्तानी कुराणाचा एक पारा, म्हणजे एक भाग संपला की पोरींना खोबऱ्याची बर्फी द्यायच्या. आपांनी कधी शेंगदाणासुद्धा कुणाच्या हातावर ठेवला नाही. पाणी मागितलं तर म्हणायच्या, "माठ तिथं हाय, आपल्या हातानं घ्या." ईदला त्यांच्या घरी शीरखुर्मा व्हायचा की नाही, हेही कुणाला ठाऊक नव्हतं, कारण कुणी जायचंच नाही. लग्नाची बोलावणी त्यांना हमखास उशिरा मिळायची. "मला बोलवायला कुनी ईसरत न्हाई," त्या म्हणायच्या, "फकस्त लग्नाचं तेवढं ईसरत्यात." आणि गंमत अशी, की पोटापाण्यासाठी आपा एका साडीच्या दुकानाचं फॉल-पिकोचं काम घरी आणून करायच्या. लग्नात त्यांच्यापासून पदर सावरून बसणाऱ्या बायकांच्या साड्यांचे फॉल आपांनीच लावलेले असायचे. आपांना ते दुरून ओळखू यायचं. त्या कुणाला सांगायच्या नाहीत.

त्यांच्या अंगणात एक बोरीचं झाड होतं. मय्यतीच्या आंघोळीचं पाणी बोरीचा पाला टाकून उकळतात, त्यामुळं मोहल्ल्यात कुणीही गेलं तरी पाला ह्याच झाडाचा. दारात कुणीतरी पुरुष खाली मान घालून उभा राहायचा आणि म्हणायचा, "आपा, पाला." आपा तेवढ्यावरून उठायच्या. हिवाळ्यात ते झाड पिवळ्या-तांबड्या बोरांनी लगडायचं, पण मोहल्ल्यातल्या एकाही पोरानं त्यावर कधी दगड मारला नाही. आईनं मलाही बजावून ठेवलं होतं. मय्यतीच्या झाडाची बोरं खायची नसतात, आणि आपांच्या हातची तर नाहीच नाही. सगळी बोरं पाखरं खायची.

समरीननं ती खाल्ली. पाचवी-सहावीत असू आम्ही. ती सरळ आपांपुढं हात पसरून उभी राहिली. "आपा, बोरं द्या ना."

"खाली पडलीत की. उचल."

"पडलेली नकोत. तुमच्या हातानं तोडून द्या."

आपांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. आम्ही चटईवरून बघत होतो. मग त्या उठल्या, फांदी वाकवली आणि चार बोरं निवडून तिच्या हातावर ठेवली. समरीननं ती तिथंच उभ्याउभ्या खाल्ली, बिया थुंकल्या आणि आमच्याकडं वळून म्हणाली, "गोड हैं बे!" आपा झाडाकडं तोंड करून उभ्या होत्या. त्या वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा काही उजळला होता, की आम्हाला क्षणभर ओळखूच आला नाही. त्यानंतर दर हिवाळ्यात समरीनचा हात पुढं यायचा आणि आपा बोरं निवडायला बसायच्या. आम्ही दोघी नुसत्या बघायचो.

दहावीत सहामाही परीक्षेच्या तोंडावर समरीनला ताप आला. आधी गल्लीतल्या डॉक्टरच्या गोळ्या, मग गावातला मोठा दवाखाना, मग संभाजीनगरला हलवायचं ठरलं. गाडी गेवराईच्या पुढं गेलीच नाही. सकाळी शाळेला निघायच्या वेळी ती घरी परत आली, चादरीत.

मी ओट्यावर कंगवा घेऊन बसले होते. समरीनच्या आईला सकाळी फुरसत नसायची आणि समरीनला स्वतःची वेणी घालता येत नव्हती, म्हणजे यायची, पण वाकडी. म्हणून रोज ती केस मोकळे सोडून माझ्याकडं यायची आणि मी तिच्या दोन वेण्या घालून लाल रिबिनी बांधायचे. शाळेचा नियम होता, दोन वेण्या आणि लाल रिबिनी, नाहीतर बाई फाटकातून आत घेत नसत. दवाखान्यातून ती आज येईल, उद्या येईल, म्हणून मी रोज कंगवा घेऊन बसत होते.

तिच्या घराच्या मागच्या अंगणात चादरी बांधून आडोसा केला होता. चुलीवर पाण्याचं पातेलं होतं आणि त्यात तो पाला. मी आणि रुबी हौदाला टेकून उभ्या होतो. आम्हाला कुणी आत घेईना आणि बाहेर जा असंही कुणी धड म्हणेना. एवढं मात्र कळत होतं, की थोड्या वेळानं पुरुष तिला घेऊन जातील. कब्रस्तानात बायका जात नाहीत. म्हणजे तिला भेटायचं तर इथंच, आत्ताच. मला तिला एकदा हात लावायचा होता, बाकी काही नको होतं, आणि ते मागायचं कुणापाशी हे कळत नव्हतं.

आडोशाच्या तोंडाशी समरीनची फुपी, म्हणजे तिच्या वडिलांची बहीण, उभी होती. तेवढ्यात आतून आपांचा आवाज आला. "पोरीच्या मैतरनी कुठं हायेत?"

"उनका क्या काम?" फुपी म्हणाली. "कुंवारी छोकरियाँ हैं. डर जाएंगी. बाहरिच बैठने दो."

आपा चादर सारून बाहेर आल्या. "नखं रंगिवलेली हायेत हिची, मावसबहिनीच्या लग्नात. रंग निघाल्याबिगर नखाला पानी लागत न्हाई, अन् पानी लागल्याबिगर गुसल व्हत न्हाई. रंग काढायची बाटली हाय का तुमच्यापाशी?"

फुपी पाच वेळची नमाजी. तिच्याकडं कुठली बाटली! जमलेल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणाकडं असली तरी कबूल कोण करणार?

"मग ती ह्या पोरींपाशीच आसनार," आपा म्हणाल्या आणि आमच्याकडं बघितलं. ह्या वेळी डोक्याकडं नाही, सरळ तोंडाकडं. रुबी पळत सुटली. चपलांच्या खोक्यात लपवलेली नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली घेऊन धापा टाकत परत आली. फुपी बाजूला सरली आणि आम्ही दोघी आत गेलो.

समरीन लाकडी तख्तावर होती. अंगावर चादर घातलेली होती आणि आपा चादरीखाली हात घालून पाणी घालत होत्या. आणि तिच्याशी बोलत होत्या. "उजवा हात दे बाय. हां. भिऊ नको, पानी लई गरम न्हाई, मी हातावर घिऊन बघितलंय. आता कूस बदलू. बदलली. शानी गं माजी." आपांचा हा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. जिवंत माणसांवर त्या सदा खेकसायच्या. पुढं कधीतरी मी त्यांना हे म्हणून दाखवलं, तर म्हणाल्या, "जित्ती मानसं उलटून बोलत्यात. मी घाबरते."

रुबीनं एक हात घेतला, मी एक. गुलाबी रंग होता, चमकी घातलेला. रंग निघाला पण चमकी कडांना चिकटून बसली. बोटं गार होती आणि बाकी सगळं तेच होतं, अंगठ्यावरचा कंपासपेटीतल्या कर्कटकाचा जुना व्रणसुद्धा. रिमूव्हरचा आणि कापराचा वास एकमेकांत मिसळला होता. मला हुंदका आला तसा हात थांबला.

"रडायचं तर रडा," आपा म्हणाल्या, "पन हात थांबवू नका."

मग कफन. कफनाचा सदरा चढवल्यावर बाईच्या केसांचे दोन भाग करून ते मोकळेच छातीवर सोडतात, एक उजवीकडं आणि एक डावीकडं. आपांनी भाग केले आणि एक माझ्या हातात दिला. "असा धर, अन् हितं ठिव." मी धरला. त्यानंतर काय झालं ते मला खरंच कळलं नाही. केसांचा अर्धा भाग हातात आला आणि बोटं आपोआप चालायला लागली. रोज सकाळी चालायची तशी. फुपी ओरडली तेव्हा मी खाली पाहिलं. एक वेणी शेवटापर्यंत झाली होती.

"या अल्ला! मय्यत की चोटी नहीं डालते! खोल उसकू, गुनाह है!"

मी हात मागं घेतला. आता आपाही रागावणार ह्यात मला शंका नव्हती. नियमाच्या बाबतीत आपा फुपीपेक्षा कडक होत्या. आपांनी त्या वेणीकडं बघितलं.

"एक झालीच का?" त्या म्हणाल्या. "मग दुसरी बी घाल. एका येणीवर शाळंत घेत्यात व्हय?"

"आपा, गुनाह—"

"गुना माज्यावर. तू घाल गं."

मी दुसरी घातली. बांधायला काही नव्हतं, म्हणून मी माझ्या डोक्याची लाल रिबिन सोडायला लागले. आपांनी माझं मनगट धरलं. "न्हाई. वरतून काय न्यायचं न्हाई. ऱ्हाऊ दे तशीच." वेण्यांची टोकं सुटीच राहिली. मग वरून ओढणी आली आणि वेण्या दिसेनाशा झाल्या.

जनाजा गेला तेव्हा बायका दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. रस्त्यावरून पांढऱ्या टोप्या लांब लांब जात होत्या. समरीनचा धाकटा भाऊ जाऊ शकला, पण आम्ही नाही.

त्यानंतर सगळे आम्हाला एकच गोष्ट सांगत होते, सब्र करा. अल्लाची ठेव होती, अल्लानं नेली, रडून रूहला, गेलेल्याच्या आत्म्याला, त्रास होतो. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. मी नमाज पढते, मीही लोकांना तेच सांगते. पण पंधरा वर्षांच्या पोरीला सब्र म्हणजे नेमकं काय करायचं हे कुणी सांगितलं नाही. शाळेत सगळ्यांना मैदानात उभं केलं, दोन मिनिटं शांतता झाली आणि लगेच भूमितीचा पेपर. बाकावर मधली जागा रिकामी. मी आणि रुबी दोन टोकांना बसायचो आणि एकमेकींकडं बघायचो नाही. बघितलं की ती मधे नाही हे दिसायचं. हळूहळू आम्ही शाळेतही वेगवेगळ्या जायला लागलो. सकाळी माझे हात रिकामे असायचे. घरात एवढी माणसं होती आणि मला इतकं एकटं वाटायचं, की मी बाथरूमचा नळ सोडून रडायचे.

जियारतीला, म्हणजे तिसऱ्या दिवशी समरीनच्या घरी बायका चिंचोक्यांवर कलमा मोजत बसल्या होत्या. तिथंच मी पहिल्यांदा ते ऐकलं. "आपा के हाथ के बेर खाती थी ना." कोण बोललं कळलं नाही. पण चिंचोक्यांबरोबर ते वाक्यही ह्या हातातून त्या हातात फिरलं. पुढच्या महिन्यात आपांच्या चटईवर पोरी कमी व्हायला लागल्या. कुणाच्या पोरीला खोकला झाला, कुणाची दुसऱ्या गल्लीतल्या उस्तानींकडं गेली. माझ्या आईनं दहावीचं वर्ष हे कारण काढलं. मोहल्ल्यात कुणी बाई गेली की मात्र दारात माणूस उभा राहायचाच. "आपा, पाला."

मग हिवाळा आला. एके दिवशी शाळा सुटल्यावर रुबी माझ्यामागं धावत आली. कितीतरी दिवसांनी ती माझ्याशी बोलत होती. "चल बे. आपा बेर का झाड तोड रैं."

आम्ही गेलो तर अंगणात एक लाकूडतोड्या कुऱ्हाड घेऊन उभा होता, खेड्यातून बोलावलेला. मशिदीच्या कमिटीचे सेक्रेटरीसाहेबही धावत आले होते. झाड बोरांनी वाकलं होतं. आपा उंबऱ्यावर बसल्या होत्या.

"आपा, असं कसं चालेल?" सेक्रेटरीसाहेब म्हणत होते. "मोहल्ल्यानं पाला कुठून आणायचा?"

"पाला पायजे तुमाला," आपा म्हणाल्या. "बोरं कुनाला पायजेत?"

सेक्रेटरीसाहेबांनी टोपी काढून परत घातली. मी आपांपाशी जाऊन खाली बसले. "आपा, कावून तोडता?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मांडीवरच्या आपल्या हातांकडं बघत राहिल्या. "मी कुनाला काय देत न्हाई, म्हून तुमी पोरी मला कंजूष म्हनता. म्हाईत हाय मला. आगं, दिलं तर समोरच्याला 'नगं' म्हनावं लागतंय. कशाला कुनाला तसं म्हनायला लावायचं? ती एकटी हात म्होरं करायची. साऱ्या बीडात तेवढी एकच पोर माज्या हातचं खायची." त्यांनी हात पदरात गुंडाळले. "अन् तीच गेली. लोक म्हनतात ते खरं आसंल तर? हे काम सासूनं शिकिवलं मला, पन हाताला काय लागतंय का म्हून मी तिला इचारलं न्हाई. आता कुनाला इचारू?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की समरीन फक्त आमची गेलेली नव्हती. आम्ही दोघी निदान एकमेकींना होतो, बोलत नसलो तरी. आपांना कुणी नव्हतं, आणि वर स्वतःच्याच हातांची भीती बसली होती.

मी उठले आणि हात पुढं केला. "आपा, बोरं द्या."

"न्हाई."

"पडलेली नकोत. तुमच्या हातानं तोडून द्या."

"न्हाई म्हनलं ना! आईला इचारून आलीस का?"

"मला पण," रुबी माझ्या शेजारी येऊन म्हणाली. तिनं डोळे मिटून हात पुढं केला होता. मीही मनातून भ्याले होते, उगाच बढाई कशाला मारू! लहानपणापासून ऐकलेलं असं एका क्षणात जात नाही.

आपा उठल्या. माठाशी जाऊन हात धुतले. परत धुतले. कोपरापर्यंत धुतले आणि पदराला पुसले. मग फांदी वाकवली आणि एकेक बोर दाबून, फिरवून बघत निवडायला लागल्या. लाकूडतोड्या कंटाळून म्हणाला, "आजी, मला बी द्या की मूठभर. आलोच हाय तर!" त्या बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. आपांनी त्याच्याकडं डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि त्याच्या ओंजळीत बोरं घातली. तो मजेत खायला लागला. मग माझ्या हातावर चार, रुबीच्या हातावर चार. मी एक तोंडात टाकलं. खरं सांगायचं तर तुरट होतं. तरी चावत राहिले, आणि मग मला रडू आलं. तोंडात बोर, आणि भर अंगणात, नळ न सोडता, मी मोठ्यानं रडले. रुबीनं मला मिठी मारली आणि तीही रडली.

"किडकं बघून खा," आपा म्हणाल्या आणि दुसरीकडं तोंड केलं.

सेक्रेटरीसाहेबांनी बोर खाल्लं नाही. ते घसा खाकरून घरी निघून गेले. झाड मात्र राहिलं.

आपांनी मला आतून मीठ आणायला सांगितलं. मिठाच्या बरणीशेजारी त्यांची गुसलच्या सामानाची पेटी उघडीच होती. साबण, कापूस, कापराची पुडी, अत्तराची कुपी, आणि कोपऱ्यात नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली. जुनी, अर्धीअधिक संपलेली. झाकणावर धूळ बसली होती. मी ती हातात घेऊन उभी राहिले. बरोबरच होतं. नखं रंगवलेल्या काय पहिल्यांदाच धुतल्या होत्या त्यांनी? त्या दिवशी ही पेटी त्यांच्या पायाशीच होती.

"मीठ घावलं का न्हाई?" बाहेरून आवाज आला.

"सापडलं, आपा," मी म्हटलं आणि बाटली होती तिथं ठेवली.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. मी बीडच्याच एका शाळेत मराठी शिकवते. रुबी लग्न होऊन परळीला गेली. आपांच्या चटईवर पोरी पुन्हा पहिल्यासारख्या कधी भरल्या नाहीत, दोन-चार असतात. लग्नाची बोलावणी अजूनही उशिराच येतात. बोरं मात्र मी दर हिवाळ्यात जाऊन खाते, त्यांच्या हातची. सगळी मोठी माणसं बघत असतात अशा वेळी मुद्दाम जाते.

त्या वेण्यांबद्दल मी एकदाच विचारलं. तो गुनाह होता का? आपा म्हणाल्या, "मी रोज नमाजीनंतर त्याला इचारते, चाललं का म्हून. अजून तरी काय बोलला न्हाई."

ह्या हिवाळ्यात गेले तर आपा उन्हात बसल्या होत्या. नजर अधू झाली आहे, तरी आधी डोक्याकडं, मग पायांकडं. "जाड झालीस," म्हणाल्या. मग बोरं निवडता निवडता एकदम म्हणाल्या, "माजी येळ आली की तूच ये. दुसऱ्या कुनाला हात लावू दिऊ नको. साऱ्या घाबरत्यात."

मी हो म्हटलं.

"अन् माजी बी येणी घाल. कुनी काय म्हनलं तर सांग, आपानंच सांगितलंय. माय गेल्यापासून माज्या केसाला कुनी हात लावला न्हाई."

"मेल्यावर कशाला?" मी म्हटलं. "आत्ता घालते. वळा तिकडं."

त्या नको नको म्हणत वळल्या. मी त्यांच्या डोक्यावरचा पदर मागं केला. केस एवढेसे राहिलेत, पांढरे आणि मऊ. मी दोन भाग केले आणि दोन वेण्या घातल्या. आपा मान खाली घालून शाळकरी पोरीसारख्या बसल्या होत्या. वेण्या लगेच संपल्या. बांधायला काही नव्हतं, म्हणून मी माझ्या केसांचं रबर काढलं आणि दातानं तोडून त्याचे दोन तुकडे केले.

"घट्ट बांध," आपा म्हणाल्या. "तिची आपन तशीच सोडली व्हती."